आपत्कालीन सेवेतील नोकरीसाठी तयारी कशी करावी
आपल्याला रुग्णाजवळ उभे राहून काम करायचे आहे की नियंत्रण कक्षातून मदतीची जुळवाजुळव करायची आहे, हे आधी ठरवावे. पॅरामेडिक, म्हणजे रुग्णाला जागेवर तातडीचे उपचार देणारा प्रशिक्षित कर्मचारी, व्हायचे असल्यास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाइतकाच प्रत्यक्ष सराव आवश्यक आहे. हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल दाब देताना दोनच मिनिटांत हात भरून येतात आणि म्हणूनच दाब देणारा माणूस बदलावा लागतो, हे केवळ वाचून उमगत नाही. आपत्ती व्यवस्थापनात जोखमीचा आढावा, रंगीत तालीम, निवारा आणि पुनर्वसन अशी कामे असतात. फोन घेणाऱ्याचे काम अनेकजण दुय्यम समजतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण घाबरलेल्या माणसाकडून नेमका पत्ता काढून घेण्यापासूनच उपचार सुरू होतो. अर्जासोबत प्रथमोपचाराचे मुदतीतील प्रमाणपत्र जरूर जोडावे.