खोडमाशीवर औषध लागू पडते का, आपल्याच वावरात तपासा

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरकडे सोयाबीन वरून हिरवेगार दिसते, पण शेंगा भरत नाहीत. अशा वेळी फवारणीआधी काही झाडे उपटून खोडे उभी चिरा. आत लालसर, नागमोडी बोगदा आणि पिवळट बारीक अळी असली तर ती खोडमाशी. खोडावर वर-खाली दोन गोल खाचा असल्या तर तो चक्रभुंगा. त्याला यात मोजू नका.

एका वर्षी औषध मारले, पीक चांगले आले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. शेजारी विनाऔषधाचा तुकडा हवाच. तेवढे नुकसान सोसायला मन होत नाही, मला माहीत आहे, तरीही ठेवा.

मी तीन प्रकार घेतो: काहीच नाही, बियाण्याला थायोमिथोक्झाम 30 एफएस, किलोला 10 मिली, आणि उभ्या पिकावर क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी, हेक्टरी 150 मिली. एफएस, एससी म्हणजे औषधाचा प्रकार, त्याआधीचा आकडा त्याची ताकद. दुसरे औषध घ्यायचे तर लेबलवर सोयाबीन आणि खोडमाशी दोन्ही लिहिलेले पाहा. 45 सेंटीमीटरवर आठ तास (म्हणजे पेरणीच्या ओळी), 10 मीटर लांब, असा तुकडा 36 चौरस मीटरचा होतो. त्याला फवारणीचे 0.54 मिली औषध लागते. झाकणाने ते मोजता येत नाही, म्हणून फवारणीच्या चारही तुकड्यांचे (प्रत्येक प्रकाराचे चार तुकडे असतात) 2.16 मिली सिरिंजने एकदम घ्या, पाण्यात मिसळा आणि ते पाणी चार सारख्या भागांत वाटा. ती सिरिंज घरात परत आणू नका. हातमोजे, मास्क घाला.

तिन्ही प्रकार चार वेळा लावा. उतार असेल तर प्रत्येक तिघांचा गट एकाच पातळीवर घ्या, आणि गटात कुठे काय ते चिठ्ठी टाकून ठरवा. नाहीतर धुऱ्याकडची (बांधाकडची) भारी जमीन सगळे श्रेय औषधाला देते. फवारणीच्या दिवशी बाकीच्या तुकड्यांवर नुसते पाणी मारा.

खरे काम चिरण्याचे. महिन्याभराने आणि पुन्हा काढणीच्या तोंडावर कडेचे तास सोडून, न निवडता प्रत्येक तुकड्यातली दहा झाडे घ्या. खोडाची लांबी मोजा, बोगद्याची मोजा, टक्केवारी लिहा. चिरणाऱ्याला तुकडा कोणता ते सांगू नका. घरातल्या पोरींचे डोळे यात फार बारीक चालतात.

काढणीला मधल्या चार तासांचे दाणे वेगळे वाळवून तोला. चारही गटांत फरक औषधाच्याच बाजूने गेला तर पुढच्या हंगामात त्या औषधावर पैसा घाला. एकाच गटात दिसला तर आधी तिथली जमीन तपासा.