बेसबॉलचा फटका लांब कसा माराल?

क्रिकेटवर हात बसला असेल, तर बेसबॉल टोलवताना दोन सवयी आड येतात: बॅट आवळून धरणं आणि चेंडू जमिनीलगत ठेवणं. दोन्ही सोडाव्या लागतात.

आधी हिशेब. लाकडी बॅटचा योग्य भाग लागला, तर सुटणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे साधारण पिचच्या (म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या) वेगाचा पाचवा हिस्सा अधिक बॅटच्या वेगाची १.२ पट. पिच ताशी १३० किमी आणि बॅट १०० असेल, तर चेंडू सुमारे १४६ ने निघतो. बॅटचा वेग ५ ने वाढवला तर ६ किमी मिळतात. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, वेग तेवढाच वाढवला तर जेमतेम १. म्हणून बॅट अशी घ्या की ती वेगाने फिरेल. प्रौढ खेळाडूला ३२-३३ इंची, ८२०-८५० ग्रॅमची पुरते. जड बॅटनं लांब जातं ही समजूत अर्धवट आहे. फिरवताना वेग मंदावला की वजनाचा फायदा तिथेच संपतो.

आता बॅटचा योग्य भाग शोधा. मुठीच्या टोकापासून सुमारे १५ सेंमीवर बॅट दोन बोटांत सैल लटकवा आणि जाड टोकाकडून लहान हातोडीने हलकेच ठोकत वर या. टोकापासून १३ ते १८ सेंमीच्या पट्ट्यात एका जागी बोटांतली झणझण जवळजवळ थांबते. तिथे टेप लावा. त्या जागेबाहेर चेंडू लागला की ऊर्जा कंपनात जाते, आणि हिवाळ्याच्या सकाळी हात कसे झिणझिणतात ते कळतंच.

मूठ सैल ठेवा. चेंडू बॅटला सेकंदाचा हजारावा भागही टेकत नाही. धक्का हातापर्यंत पोचेस्तोवर तो निघून गेलेला असतो. त्यामुळे आवळून धरल्यानं जोर वाढत नाही, उलट मनगट अडतं. फिरताना आधी कंबर, मग छाती, शेवटी हात. हात आधी सुटले तर पायांचा जोर वाया जातो.

आता कोन, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. पिच खाली येत असतो, म्हणून बॅट ५ ते १० अंश वर चढती हवी आणि तिचा मध्य चेंडूच्या मध्यापेक्षा दोन-अडीच सेंमी खाली. असा फटका २५ ते ३० अंशांत सुटतो, चेंडू उलटा फिरतो आणि त्यानं हवेत जास्त वेळ टिकतो. जास्त खाली लागला तर डोक्यावर उंच उडतो. वरच्या बाजूला लागला तर पुढे फिरत खाली वळतो.

सरावासाठी टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या स्टँडवर, चेंडू ८० सेंमी उंच ठेवा. समोर ४ मीटरवर जाळी बांधा आणि तिला जमिनीपासून २.७ व ३.१ मीटरवर दोन रंगीत फिती लावा. चेंडू दोहोंच्या मध्ये लागला की कोन जमला. पूर्ण जोर त्यानंतरच. आधी कोन, मग वेग.

हवेचाही वाटा आहे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे लांब फटक्यात दर १० अंश सेल्सिअसला दीड-दोन मीटर वाढतात. मे महिन्याची ४५ अंशांची दुपार आणि डिसेंबरची १२ अंशांची पहाट यांत पाच-सहा मीटरचा फरक पडेल. पण त्या दुपारी सराव करू नका, ऊन चेंडूआधी माणसाला लागतं. वारा त्याहून मोठा खेळाडू: ताशी ८ किमीचा पाठीमागून वारा पाचेक मीटर देतो. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर अंतर मोजायचं असेल, तर दोन्ही दिशांना मारून सरासरी घ्या.

पावसाळ्यात चेंडू ओल्या किटबॅगमध्ये राहिला तर जड होतो आणि उसळी घटते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि सरावाचे जुने चेंडू अंतर मोजायला वापरू नका.