बाटली झाकून वाइन चाखायची तर

ब्लाइंड टेस्टिंगची, म्हणजे लेबल न बघता वाइन चाखून ओळखायची, बैठक फसते ती बहुधा चाखणाऱ्यांमुळे नाही, वाढणाऱ्यामुळे. रेड वाइन 30 अंशांवर ओतलेली, ग्लासांना कपाटाचा वास, गुंडाळलेल्या कागदातून डोकावणारे स्क्रू-कॅपचे आटे, आणि पहिल्याच मिनिटाला ‘शिराझ आहे!’ म्हणून द्राक्षाचं नाव सांगून मोकळा झालेला एखादा उत्साही. पुढचा तासभर मग सगळ्यांना शिराझच लागत राहते. म्हणून इथे ओळखायच्या युक्त्या कमी आणि मांडामांड जास्त आहे.

डोळा नाकाला किती फसवतो, याचा फ्रान्समधल्या बोर्दो इथे प्रयोग झालेला आहे. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. रंगवलेल्या ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. प्रयोगाचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. शिकणाऱ्यांची ही गत, तर लेबल आणि किंमत दिसत असताना आपली काय होणार!

पहिली बैठक: जवळजवळ वाइनशिवाय

नवीन गटाने पहिल्या दिवशी चांगल्या बाटल्यांवर खर्च करू नये. आंबट, गोड, तुरट आणि दारूची ऊब या चार गोष्टी सुट्या करून चाखाव्यात. प्रत्येक मापाचं एक लिटर पाणी आठ-दहा जणांना भरपूर होतं.

गोडीसाठी लिटरला 5, 10, 20 आणि 40 ग्रॅम साखर. आंबटपणासाठी लिटरला 1 आणि 2 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड. मोजायला सोनाराचा काटा नको. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो. 1 ग्रॅम नीट मोजला जात नसेल तर 10 ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवून त्यातलं 100 मिली पुढच्या 900 मिली पाण्यात घालायचं.

आता 20 ग्रॅम साखर आणि 2 ग्रॅम लिंबूसत्त्व एकाच लिटरमध्ये घाला आणि नुसत्या 20 ग्रॅमच्या पाण्याशेजारी ठेवा. साखर तेवढीच, तरी मिश्रण कितीतरी कमी गोड लागतं. नाशिककडच्या काही शेनिन ब्लां (व्हाइट वाइनचं एक द्राक्ष) वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक असते आणि आंबटपणा ती झाकतो. ‘एकदम ड्राय (गोडी नसलेली) आहे’ असं दहातले सात जण ठामपणे सांगतात ते इथे. म्हणून आंबटपणा जिभेवर मोजायचाच नाही. घोट थुंकल्यावर मान खाली घालून बसा आणि गालांच्या आतून लाळ किती सुटते, किती वेळ सुटते ते बघा. साखर कितीही असली तरी लाळ खोटं बोलत नाही.

तुरटपणासाठी चहा. 200 मिली उकळत्या पाण्यात दोन चमचे पत्ती, दहा मिनिटं झाकून, गाळून, गार करून. अर्धा चहा तसाच ठेवा, अर्ध्यात तेवढंच पाणी घाला. कडू आणि तुरट यांत इथे हमखास घोळ होतो. कडू जिभेवर कळतं. तुरट म्हणजे कच्चं केळं चावल्यावर किंवा जांभळं खाल्ल्यावर हिरड्या आणि ओठांची आतली बाजू आवळते ते. वरच्या हिरडीवरून जीभ फिरवून बघायची, सरकते की अडते.

ऊब कळण्यासाठी 40 टक्क्यांची व्होडका: 60 मिली अधिक 140 मिली पाणी म्हणजे 12 टक्के, 75 मिली अधिक 125 मिली पाणी म्हणजे 15 टक्के. एकेक लहान घोट पुरतो. 12 ला गिळल्यावर घशात फारसं जाणवत नाही, 15 ला छातीपर्यंत धग जाते.

वासांसाठी तेवढी एक स्वस्तातली व्हाइट वाइन घेऊन 50-50 मिली वाट्यांत ओता. एकीत ढोबळी मिरचीचा बोटभर तुकडा पंधरा मिनिटं (काबेर्ने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांचा हिरवट वास), एकीत भरडलेली काळी मिरी (शिराझ), एकीत दोन लवंगा (ओकच्या लाकडी पिपाचा वास), एकीत पुठ्ठ्याचा तुकडा रात्रभर भिजवून (खराब बुचाचा वास). वाट्यांना झाकण्या हव्यात, नाहीतर लवंग सगळ्यांना गिळते.

सामान आणि हिशेब

आठ ते दहा माणसं आणि सहा बाटल्या. 750 मिलीच्या बाटलीतून 50 मिलीचे 15 ग्लास निघतात. दहा जणांना वाढून 250 मिली उरते आणि ती उरायलाच हवी, कारण लेबल उघडल्यावर प्रत्येकाला परत घोटभर चाखायचं असतं. महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, परवाना हवा, आणि तारीख ठरवण्याआधी ड्राय डेची यादी बघितलेली बरी.

सहाही ग्लास गिळले तर 300 मिली वाइन, 13 टक्क्यांनी 39 मिली शुद्ध अल्कोहोल. चौथ्या ग्लासापासून सगळ्याच वाइन ‘छान, गोलाई आहे’ होऊ लागतात. तेव्हा थुंकायचं. प्रत्येकाजवळ उंच स्टीलचा पेला, तळाशी टिशू चुरगळून टाकलेला म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि मध्ये ओतायला झाकणाची बादली. थुंकायचा संकोच वाटणाऱ्यांनी घरी न्हाणीघरात पाण्याने सराव करावा: गाल आत ओढून, ओठ चिमटून, एक बारीक धार. थुंकूनही थोडी पोटात जातेच आणि गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम एवढीच आहे. घरी रिक्षा किंवा कॅबने.

ग्लास हे खरं दुखणं. दहा माणसं गुणिले सहा म्हणजे साठ ग्लास कोणाकडे नसतात. तीन-तीनच्या दोन फेऱ्या केल्या की तीसवर भागतं. भारी ग्लास नकोत, सारखे हवेत. एकाच वाइनचा वास रुंद आणि अरुंद तोंडाच्या ग्लासांत वेगळा येतो आणि मग वाद वाइनवर न होता काचेवर होतो. साधारण 215 मिलीचा, तोंडाशी निमुळता टेस्टिंग ग्लास उत्तम. पालथे ठेवलेले ग्लास कपाटाचा, डांबराच्या गोळ्यांचा, खोक्याचा वास धरून बसतात. आदल्या दिवशी साबणाशिवाय गरम पाण्याने विसळून, दांडीने उलटे लटकवून वाळवा. वाढण्याआधी रिकामा ग्लास हुंगायचा. त्याला कसलाही वास येता कामा नये.

प्रत्येकापुढे पांढरा ए-फोर कागद, त्यावर तीन वर्तुळं, खाली 1, 2, 3. रंग बघायला पांढरी पार्श्वभूमी मिळते आणि ग्लास इकडेतिकडे होत नाहीत. खोलीत उदबत्ती नको, गजरा नको, अत्तर नको आणि शेजारच्या स्वयंपाकघरात त्या दोन तासांत फोडणी नको. खायला साधा पाव आणि पाणी. चीज नंतर: त्यातलं मीठ आणि स्निग्धांश तुरटपणा बोथट करतात आणि सामान्य रेडसुद्धा मखमली लागते. चकली, शेव, मिरचीचा ठेचा याबद्दल बोलायलाच नको.

वाढपी

एकाने त्या दिवशी ओळखायच्या भानगडीत न पडता फक्त वाढपी व्हायचं. आळीपाळीने प्रत्येकावर पाळी येते. बाटल्या स्वयंपाकघरातच उघडायच्या, तिथेच ओतायच्या, बुचं आणि टोपणं खिशात. चौकोनी खांद्याची बाटली दिसली की लोक बोर्दोच्या वळणाची (काबेर्ने सोव्हिन्योंसारखी) द्राक्षं धरतात, उतरत्या खांद्याची दिसली की पिनो नॉयर नाहीतर शार्दोने, आणि नाशिककडच्या पुष्कळ वाइन स्क्रू-कॅपच्या असल्यामुळे नुसते आटे दिसले तरी ‘आपल्याकडचीच’ हा अंदाज फुकटात मिळतो. बाटली टेबलावर आणायचीच असेल तर कागदी पिशवीत घालून मानेशी रबरबँड लावा.

वाढप्यालाही ठाऊक नसावं असं वाटत असेल तर एकाने पिशव्यांत भरून बाहेर जायचं, दुसऱ्याने पिशव्यांची जागा बदलून आकडे टाकायचे.

अर्धा तास आधी वाढप्याने प्रत्येक बाटलीतली चमचाभर चाखावी. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसात भिजून कोंदट झालेल्या छत्रीचा वास, आणि फळ मेलेलं, तर बूच खराब आहे. तिच्यावर इलाज नाही. म्हणून एक जादा बाटली हाताशी ठेवायची. कापलेल्या सफरचंदासारखी, रंगाला तपकिरी, तर तिला हवा लागलेली. बूच वर सरकलेलं आणि आत मुरांब्यासारखी शिजलेली चव, तर उन्हात तापलेली. एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या काचेशी उभी ठेवलेली बाटली घेऊच नये. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास किंचित असेल तर चालून जातो, नाकात घुसला तर बाद. कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास मात्र पुष्कळदा बरा होतो: बाटली जगमध्ये जोरात ओतून हवा द्या, किंवा संध्येच्या ताटातली तांब्याची पळी लिंबाने घासून, धुऊन, ग्लासात दोन-चार वेळा फिरवा. वासाचं गंधकी संयुग तांब्याला चिकटतं आणि खालचं फळ वर येतं. ही गंमत सगळ्यांसमोर करून दाखवण्यासारखी आहे.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा. पुण्या-मुंबईची खोली 30 अंशांची. तिथे रेडमधली दारू आधी नाकात चढते आणि सगळे जण टक्केवारी फुगवून लिहितात. जड रेड 16 ते 18 अंशांवर हवी. 30 वरून तिथे यायला फ्रिजमध्ये साधारण सव्वा ते दीड तास, बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. व्हाइट 8 ते 12, स्पार्कलिंग 6 ते 8. फ्रिजमधून थेट काढलेली व्हाइट 4-5 अंशांची असते, वास मिटलेला असतो. पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. दुधाचा किंवा मिठाईचा थर्मामीटर ग्लासात बुडवून बघा, अंदाजावर राहू नका.

टेबलावर

पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. उसासा, ‘वा’, भुवया उंचावणं, काही नाही. रंग बघा, न हलवता हुंगा, हलवून हुंगा, मग घोट दहा सेकंद तोंडात घोळवून थुंका. ग्लासाच्या काचेवरून उतरणाऱ्या धारांवर तासभर चर्चा करणारे भेटतात. त्या धारा अल्कोहोल आणि साखरेबद्दल थोडंफार सांगतात, दर्जाबद्दल काहीच नाही.

लिहायचा क्रम ठरलेला: आंबटपणा, तुरटपणा, गोडी, ऊब, प्रत्येकी 1 ते 5. त्यानंतर वास, तेही आपल्या ओळखीच्या शब्दांत. ‘ब्लॅककरंट’ लिहून उपयोग नाही, ते आपण खाल्लेलंच नसतं. जांभूळ, करवंद, पिकला पेरू, कैरी, कोकम, छिललेली पेन्सिल लिहा. द्राक्षाचं नाव सगळ्यात शेवटी, खालच्या ओळीत. नाव आधी सुचलं की हात त्याला जुळणारे वास शोधत जातो.

मग वाढप्याने विचारायचं, ‘पहिलीचा आंबटपणा?’ आणि एक-दोन-तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची. पाळीपाळीने सांगितलं तर तिसरा माणूस पहिल्या दोघांकडे बघून बोलतो. एखाद्याची दोन बोटं आणि बाकीच्यांची चार असतील तर तिथे थांबा, त्याला परत चाखू द्या, लाळेकडे लक्ष द्यायला सांगा. संध्याकाळचं खरं शिक्षण इथे होतं. द्राक्ष ओळखल्याचे गुण ठेवायचेच असतील तर निम्म्याहून कमी ठेवा.

सहा बाटल्या कशाही गोळा करू नयेत. एका फेरीत एकच प्रश्न. नाशिकची शेनिन ब्लां आणि दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां. अकलूजच्या फ्रॅटेली वायनरीची सांजोवेझे आणि इटलीतल्या टस्कनीची कियान्ती, जिचं मुख्य द्राक्ष तेच. एकाच वायनरीची साधी आणि ओकमध्ये ठेवलेली. साल ओळखायच्या फेरीत एक गोष्ट लक्षात असू द्या: नाशिककडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुढे. लेबलावर एकच साल असलं तरी आपली वाइन अर्ध्या वर्षाने मोठी असते.

आणि अधूनमधून त्रिकोण लावा. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता एवढंच सांगायचं. नुसता दगड मारला तरी तिघांतल्या एकाचा लागतो, म्हणून नऊ जणांत तीन बरोबर आले तर गटाला काहीही कळलेलं नाही. सहा आले तर फरक खरा मानायला हरकत नाही. निव्वळ नशिबाने नवात सहा किंवा जास्त येण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत आहे. वेगळ्या ग्लासाची जागा प्रत्येकाच्या कागदावर निराळी ठेवा, नाहीतर शेजारच्याचं बघून उत्तर येतं. ग्लासांतली पातळी आणि तापमानही सारखं हवं. अर्धा सेंटिमीटर कमी ओतलेला ग्लास लोक बिनचूक ओळखतात आणि त्याला चव म्हणतात.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, टोपण घट्ट लावून फ्रिजमध्ये; रेडसुद्धा फ्रिजमध्येच. तीन दिवसांत संपवा. बाटलीवर तारीख आणि तुमचे आकडे चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी आंबटपणाला किती बोटं वर जातात ते परत बघा.