झोपलेल्याच्या पायाशी थांबा

पहिल्याच रात्री मी चुकले. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले होते. खाण्याचं पुडकं द्यायला मी त्यांचा खांदा हलवला, तर हात उगारूनच उठले. रस्त्यावर झोपणाऱ्याला रात्री कुणी हात लावला की तो मारायला नाहीतर चोरायला आलेला असतो, हे मला कुठे ठाऊक! आता मी पायाशी, जरा लांब थांबून हळू हाक मारते. नाहीच उठले, तर श्वास नीट चालू आहे ना एवढं बघून पुडकं शेजारी ठेवते.

आमच्या मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, रस्त्यावरच्या सेवेला नव्याने येणाऱ्यांना आधी हेच सांगते. जोडीने जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने आजूबाजूला लक्ष ठेवायचं. बूट बंद हवेत, पैसे-दागिने घरी. पडलेली सुई हाताने उचलायची नाही. फोटो तर नाहीच, मंडळीला दाखवायलासुद्धा नाही. आणि बोलताना उकिडवं बसा. माझे गुडघे कुरकुरतात, पण उभ्याने बोललं की आपण हुसकायला आलोय असं वाटतं.

मग विचारा. आंधळ्या बार्तीमयाला काय हवंय ते उघड दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच (बायबल, मार्क, अध्याय 10). आम्ही ब्लँकेटं घेऊन गेलो, तेव्हा एका बाईने घ्यायला नकार दिला. दिवसभर ते ओझं वागवायचं कुठे? तिला मोजे हवे होते.

मोज्यांची गोष्ट मलाही उशिरा कळली. पाय तासन्‌तास ओले राहिले की कातडी पांढरी, सुरकुतलेली होते, बधिरते, मग फोड येतात. हे व्हायला बर्फाळ थंडीच हवी असं नाही. 15 अंश सेल्सियसलाही होतं. ओले मोजे काढायला सांगा, पाय टिपून कोरडे करा. चोळायचे नाहीत, शेकोटीजवळ धरायचे नाहीत. कोरडे मोजे द्या आणि फोड, जखम किंवा बधिरपणा असेल तर सोबतच्या नर्सला दाखवा. नर्स नसेल तर दवाखान्यात सोबत जा.

बरळणारा, घामाघूम माणूस प्यायलेलाच असेल असं धरू नका. मधुमेह्याची साखर उतरली तरी तो असाच दिसतो. शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. थंडीने कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि गुंगायला लागला, तरी हीच घाई करा.

प्रार्थनेबद्दल माझं मत ठाम आहे: खाणं आधी, बिनशर्त. आधी प्रार्थना, मग पुडकं असं झालं की भुकेला माणूस ‘आमेन’ म्हणणारच, त्याला काय अर्थ? विचारून, हो म्हटलं तरच करा. दोन-तीन वाक्यांत आटपा. डोक्यावर हात न विचारता ठेवू नका, आणि जोडीदाराने डोळे उघडे ठेवावेत.

नोकरी, निवारा यांचं वचन देऊ नका. ‘पुढच्या गुरुवारी याच वेळी येते’ एवढंच म्हणा, आणि या. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नवव्या आठवड्यात मला नाव सांगितलं. ‘प्रार्थना करू का?’ मी विचारलं. ‘आज मी करतो,’ म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यांसाठी केली.