विकायचा की साठवायचा: अनेक शास्त्रांत पाय असलेला प्रश्न कसा सोडवावा

एप्रिल सरत आला की नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, चांदवडकडे ओट्याओट्यावर एकच विषय असतो: उन्हाळ कांदा आत्ता विकायचा की चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर छपरीत) टाकायचा? कृषी सहायक म्हणतो, माल छान वाळलाय, टाका. व्यापारी म्हणतो, यंदा आवक दांडगी आहे, मोकळे व्हा. सोसायटीचा सचिव कर्जाच्या तारखेवर बोट ठेवतो, आणि मोबाईलवरचा पावसाचा अंदाज चौथंच काही सांगतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तरी चार उत्तरांची गोळाबेरीज करून निर्णय होत नाही, कारण चौघांनी चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात.

असे प्रश्न कसे हाताळायचे, हे इथे कांद्यावर दाखवलं आहे. बोअर मारायची की टँकर, द्राक्षबागेवर प्लॅस्टिक टाकायचं की विमा काढायचा, अशा प्रश्नांनाही हीच रीत लागू पडते.

आधी प्रश्न धड लिहा

‘कांद्याचं काय करायचं?’ ही चिंता झाली, तिला उत्तर नसतं. कागदावर असं लिहा: ‘माझ्याकडच्या 100 क्विंटलपैकी किती क्विंटल मे महिन्यात विकायचे आणि उरलेले कोणत्या तारखेपर्यंत ठेवायचे?’ यात आकडा आहे, मुदत आहे आणि ‘काही विकू, काही ठेवू’ याला जागा आहे. बहुतेक भांडणं ‘सगळा की काहीच नाही’ अशा मांडणीमुळे होतात.

प्रश्नाखाली एक ओळ आणखी लिहा: कोणती गोष्ट कळली तर माझा निर्णय बदलेल? ज्या माहितीने निर्णय बदलत नाही तिच्यामागे धावू नका. दिल्लीच्या किरकोळ बाजारातला भाव ऐकायला बरा वाटतो, पण तुमचा ट्रॅक्टर लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या लिलावात उभा राहणार असतो.

ज्याला जे कळतं तेवढंच त्याला विचारा

कागदावर चार रकाने आखा: दावा, कोणाचा, त्याला कसं कळलं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती. जो कोणी सल्ला देईल त्याचं म्हणणं या चार रकान्यांत बसवा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो दावा पेन्सिलीने लिहा.

पिकाच्या जाणकाराला विचारायचं ते टिकण्याबद्दल. काढणीआधी 15 ते 20 दिवस पाणी तोडलं होतं का? माना निम्म्याहून जास्त पडल्यावर काढला का? पातीसकट शेतात तीनेक दिवस आणि पात कापल्यावर सावलीत 10 ते 12 दिवस वाळवला का? मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापली का? जाड मानेचे, जोड आणि डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले कांदे वेगळे काढले का? यातल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आलं की पुढचा सगळा हिशेब तिथेच फिरतो. जाड मान नीट मिटत नाही आणि सड तिथूनच आत शिरते.

चाळ बांधणाऱ्याला विचारायचं ते हवेबद्दल. ढिगाची रुंदी 4 फूट आणि उंची 5 फुटांच्या आत आहे का? तळाखाली दीड-दोन फूट मोकळी जागा आहे का? साठवणीला 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आर्द्रता याच्या वर जाते, तेव्हा खालून शिरून वरून निघणारी हवाच ढीग वाचवते. कौलाऐवजी पत्रा टाकला असेल तर त्याच्या तापाचाही विचार करा.

त्याच कृषी सहायकाने ‘सप्टेंबरात तीन हजार जाणार’ असं म्हटलं, तर ते ओट्यावरच्या कोणाही माणसाइतकंच धरा. एका गोष्टीतला अधिकार दुसऱ्या गोष्टीला उसना जातो आणि हे इतक्या सहज होतं की बोलणाऱ्यालाही कळत नाही. उलटंही होतं: व्यापाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून त्याने सांगितलेली आवक खोटी ठरत नाही. ती बाजार समितीच्या नोंदीत ताडून पाहता येते.

एकेका शास्त्राचं उत्तर बरोबर असूनही तोकडं कसं पडतं, याचा नमुना जवळच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 साली सुरू झालं. गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणं थांबतं, हे पक्कं. पण साठवणीतली घट तीन तऱ्हांनी होते: पाणी उडून वजन घटतं, सड लागते आणि मोड येतात. किरण तिसरीवर काम करतात, पहिली आणि दुसरी तशीच राहते. कोणताही उपाय समोर आला की आधी विचारा, हा नुकसानीच्या कोणत्या भागावर चालतो आणि तो भाग केवढा?

सगळं एका मापात आणा

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःचे घाला. मे महिन्यातला भाव 1,200 रुपये क्विंटल, माल 100 क्विंटल, सप्टेंबरपर्यंत घट 35 टक्के.

इथे नेहमीची चूक होते: घट 35 टक्के, म्हणजे भाव 35 टक्के वाढला की भागलं, 1,620 ला जमलं. तसं नाही. उरतो 65 क्विंटल. नुसते 1,20,000 परत मिळवायला 1,20,000 भागिले 65, म्हणजे 1,846 रुपये भाव लागतो. वाढ झाली 54 टक्के.

त्यात चार महिन्यांचं व्याज धरा, 12 टक्के दराने 4,800 रुपये. चाळ भरणी, निवड आणि गोण्यांचे क्विंटलमागे 100 धरले तर 10,000. एकूण 1,34,800 भागिले 65, म्हणजे 2,074 रुपये. हा तुमचा तोल-भाव. खाली आलात की साठवण तोट्यात. (गोल्टी म्हणजे बारीक कांदा, आणि डागी माल कमी भावात जातो, तो इथे धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा वरच असतो.)

मग एकेक आकडा हलवून पाहा. घट 25 टक्के धरली तर तोल-भाव 1,797 येतो, 45 टक्के धरली तर 2,451. फरक 654 रुपये. व्याज 9 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेलं तर फरक जेमतेम 37 रुपये. भरणी, निवड, गोण्यांचा खर्च दीडपट केला तर 77. व्याजदरावर तासभर वाद घालणाऱ्या बैठकीने घट मोजायला दहा मिनिटं दिलेली नसतात. हा हिशेब केला की कुठे वेळ घालवायचा ते उघड होतं.

पुढचा प्रश्न: सप्टेंबरात भाव मे महिन्याच्या 1.73 पट (2,074 भागिले 1,200) होण्याची शक्यता किती? याला अंदाज नको, मोजणी हवी. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव मिळतात. आपल्याच बाजार समितीचे मागच्या दहा वर्षांचे मे आणि सप्टेंबरचे भाव काढा आणि 1.73 पट किती वर्षी झाले ते मोजा. रुपये नका मोजू, पट मोजा, कारण दहा वर्षांपूर्वीचा रुपया आजचा नव्हे. आणि भाव घ्यायचा तो ‘सर्वसाधारण’. बातमीत येतो तो ‘जास्तीत जास्त’, तो एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. साठवून पैसे झाले त्याची गोष्ट गावभर फिरते, ज्याची चाळ सडली तो गप्प असतो; म्हणून नोंद पाहायची.

ओळी एकमेकींना बांधलेल्या असतात

हिशेबातली सर्वात खोल चूक इथे आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात. घट, भाव, सरकारी धोरण या तीन ओळी सुट्ट्या धरून प्रत्येकीची शक्यता वेगळी काढली जाते. त्या सुट्ट्या नसतात.

तारखा पाहा. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्के झालं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. पहिले दोन निर्णय भाव चढत असताना आले. म्हणजे तुम्हाला हवा तो भाव ज्या परिस्थितीत येतो, तिच्यातच तो खाली ओढणारा निर्णय होण्याची शक्यता वाढते. वरचा फायदा कापलेला असतो, खालचा तोटा मात्र अख्खा. वर्षांची मोजणी करताना ही वर्षं वेगळ्या शाईने लिहा.

दुसरी गाठ पावसाची. खरीप कांदा पावसाने खराब झाला की साठवलेल्याला भाव चढतो. पण तोच पाऊस तुमच्या भागात झाला तर चाळीतली आर्द्रता वाढून घटही चढते. इगतपुरी आणि येवला एकाच जिल्ह्यात असून पावसाचं मान कित्येक पट वेगळं आहे, तेव्हा शेजारच्या तालुक्याचा अनुभव जसाच्या तसा उचलू नका.

ओळींच्या मधे रेघा मारा: ही वाढली की ती वाढते का, घटते का? ज्या ओळीला तीन रेघा लागतात तिथे जास्त लक्ष द्या.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती इथे कामी येते. निर्णय पक्का करण्याआधी घरातल्यांना बसवा आणि सांगा: ‘ऑक्टोबर आहे, आपलं नुकसान झालंय. का झालं ते प्रत्येकाने लिहा.’ ‘काही धोका आहे का?’ असं विचारलं तर लोक मान डोलावतात. नुकसान झालंच आहे असं धरलं की थोरल्यांसमोर न बोलणारी सूनही ‘पन्हाळीचं पाणी चाळीच्या कोपऱ्यात पडतं’ हे लिहून देते.

चाळीतच मोजमाप ठेवा

पाच जाळीच्या गोण्या, प्रत्येकीत 20 किलो, ढिगातलाच कांदा न निवडता भरलेला. एक तळाला, एक मध्यात, एक वर, दोन टोकांना. तळाच्या आणि मधल्या गोणीला दोरी बांधून ठेवा, नाहीतर काढताना ढीग मोडतो. दर 15 दिवसांनी वजन करा. सडके आणि मोडाचे वेगळे मोजा. गोणीतला चांगला माल 20 वरून 17 किलोवर आला आणि गेलेल्या तीन किलोंत दीड किलो सड असेल तर हवेचा किंवा मानेचा दोष. सड नाहीच आणि फक्त वजन उतरलं तर पाणी उडालंय. दोन्ही घट 15 टक्केच, उपाय वेगळे.

उंबरठे आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, शंभरात पाच कांद्यांना मोड दिसला की उरलेला माल पुढच्या आठवड्यात बाजारात. तो आकडा जूनमध्ये शांत डोक्याने ठरवायचा. ऑगस्टमध्ये भाव रोज 50 रुपयांनी चढत असताना कोणाचंही मन ‘अजून चार दिवस’ असंच म्हणतं.

जिथे एक माप चालत नाही

गोदावरीचंच घ्या. नाशिकच्या रामकुंडाचं पाणी स्नानाला चालेल का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानाच्या निकषांत बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅम किंवा जास्त आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये 2,500 च्या आत लागतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बीओडी पातळ होऊन निकषात बसू शकतं, जिवाणू मात्र निकषाच्या वरच राहू शकतात. शिवाय ते पाणी शहराच्या पिण्याचं आणि शेतीचंही आहे. श्रद्धा, आरोग्य, सिंचन यांचं रूपांतर रुपयात करायला गेलात तर कोणीतरी रुसणारच, आणि रास्त रुसणार. अशा वेळी बेरीज करू नका. प्रत्येक बाजूची ‘याच्या खाली चालणार नाही’ अशी रेघ लिहा. एखादा पर्याय एकाही रेघेखाली गेला तर तो बाद, आणि उरलेल्यांतच तुलना.

1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी दाखवलं की असे प्रश्न ‘सुटले’ म्हणून थांबण्याची जागाच नसते. पैसा, वेळ किंवा धीर संपतो तेव्हा आपण थांबतो. म्हणून फेरतपासणीची तारीख निर्णयाच्याच कागदावर टाका.

कांद्याच्या कागदावर ती तारीख चाळ रिकामी होण्याची. त्या दिवशी गोण्यांची घट, मिळालेला सर्वसाधारण भाव आणि मे महिन्यात लिहिलेले आकडे शेजारी मांडा. घट अंदाजाच्या पट्ट्यात बसली आणि भाव नाही बसला, तर पुढच्या वर्षी चाळीला हात लावू नका, भावाची ओळ दुरुस्त करा.