ओळखीचाच माणूस आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतोय असं वाटलं तर

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची डिझाइनं करून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तालमीच्या पावत्या, फुटबॉल स्पर्धेची पोस्टरं, आणि गणपतीच्या तोंडावर फ्लेक्सच फ्लेक्स. मागच्या वर्षी एका मंडळाचं आगमनाचं डिझाइन मी चार रात्री बसून केलं आणि ते त्यांच्या हातात पडायच्या आधीच त्यातली अक्षरं, तीच महिरप, दुसऱ्याच मंडळाच्या फलकावर मिरजकर तिकटीला झळकली. पोरं दुकानात येऊन उभी राहिली. काय बोलणार?

संशय एका दोस्तावर गेला. माझा पीसी त्यानंच बसवून दिलेला, प्रिंटर अडला की एनीडेस्कवरून (लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) तोच बघायचा, आणि माझी छपाईही त्याच्याच प्रेसमध्ये. डोकं तापलं होतं, तरी लगेच भांडायला गेलो नाही हे बरं झालं.

पहिलं काम: काही पुसू नका. पासवर्डही लगेच बदलू नका. जे जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर हेच हातात राहतं.

मग एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप असल्या अ‍ॅपपैकी काय काय आपल्याकडं आहे ते इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅपच्या यादीत बघा. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये ‘अनअटेंडेड अ‍ॅक्सेस’ म्हणून एक सोय असते. तिथं पासवर्ड ठेवलेला असला की समोरच्याला तुम्ही ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायची गरजच राहत नाही. माझ्याकडं तो चालू निघाला! सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरात एनीडेस्कची ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची टेक्स्ट फाइल असते. कोणत्या आयडीवरून कधी आत आले, पासवर्डनं आले की तुम्ही परवानगी दिली म्हणून आले, हे तीत ओळीनं लिहिलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये सगळ्या नोंदी जुन्या, प्रिंटर बिघडलेल्या दिवसांच्याच. म्हणजे दार उघडं होतं, पण त्या आठवड्यात तिथून कोणी आलं नव्हतं.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरवर काय काय घडलं त्याची नोंदवही, तीही उघडून बघितली. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. रात्री दोनच्या ४६२४ च्या रांगा बघून माझा घसा कोरडा पडला होता. तुम्ही घाबरू नका. त्यातल्या बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसच्या असतात, लॉगऑन टाइप ५. टाइप २ म्हणजे कीबोर्डसमोर बसून, ७ म्हणजे लॉक उघडलं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपनं. शेवटचे तीन तेवढे बघायचे. मात्र एनीडेस्कवाला चालू सेशनमध्येच शिरतो, तो या १० मध्ये सापडत नाही.

खरा धागा गूगलमध्ये सापडला. अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’ उघडलं तर विंडोजचे दोन कॉम्प्युटर. माझ्याकडं एकच. ठिकाण दोन्हीचं कोल्हापूर, त्यामुळं त्याचा उपयोग शून्य. पण पहिल्यांदा साइन-इन केल्याची तारीख बघितली आणि आठवलं: पेनड्राइव्ह घरी राहिला म्हणून मीच त्याच्या प्रेसमधल्या क्रोमवर माझं जीमेल उघडून ड्राइव्हमधून फाइल दिली होती. लॉगआउट करायचं राहून गेलं. ड्राइव्ह तेव्हापासून तिथं उघडाच. वर मी सिंकला (क्रोममधलं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवरही नेणारी सोय) ‘हो’ म्हटलेलं, म्हणजे साठवलेले पासवर्डही तिथं पोचलेले. बँकेचाही होता त्यात.

फोटो काढून झाल्यावर त्या डिव्हाइसला साइन-आउट केलं आणि सगळे पासवर्ड मोबाईलवरून बदलले. संशय असलेल्या पीसीवर नवा पासवर्ड टाइप करण्यात अर्थ नाही. टू-स्टेप चालू केलं, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कुणाला आत येता येत नाही. त्यानंतर आपली मेल परस्पर दुसरीकडं जात नाही ना, म्हणून जीमेलमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, कारण पासवर्ड बदलला तरी ते तसेच चालू राहतात. रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे तेही तपासा. अकाउंट दुसऱ्यानं काढून दिलेलं असेल तर हमखास त्याचाच निघतो. व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही बघा. एनीडेस्क मी काढूनच टाकलं. सीपीयूच्या मागं कीबोर्डची वायर आणि पोर्ट यांच्यामध्ये टाइप केलेलं चोरून टिपणारं अनोळखी बोंडूक नाही ना, तेही वाकून बघून घ्या.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. लबाडीच्या हेतूनं केलं असेल तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बाकीचं नंतर. तक्रार करणार असाल तर पीसी फॉरमॅट मारू नका.

मी तक्रार केली नाही. त्या प्रेसमध्ये चार पोरं कामाला आहेत, कुणी उघडून बघितलं हे फोटोवरून ठरत नाही, आणि दार तर मीच उघडं टाकलं होतं. दोस्ताला फोटो दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पोरांना विचारतो.” अजून विचारतोय. छपाई आजही त्याच्याकडंच जाते, फक्त पेनड्राइव्हवर, पीडीएफ करून, अक्षरं कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे ती नुसती चित्रं होतात, टाइप करून बदलता येत नाहीत. आणि चहा आला की मी उठायच्या आधी विंडोजचं बटण धरून एल दाबतो, स्क्रीन लॉक करतो, त्याच्यादेखत.