अभ्यासाने डोकं दुखतंय? गोळीच्या आधी हे करून बघा

मेंदूला स्वतःला दुखत नाही. अभ्यास करताना ठणकतं ते बहुतेक वेळा भोवतालचं, म्हणजे मान, कपाळ, डोळे. नाहीतर उपाशी पोट आणि अपुरं पाणी. त्यामुळे ‘लोड झाला’ म्हणत गोळी घेण्याआधी कारण शोधा.

पहिलं काम, पाणी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं ते कळतच नाही. लघवी गडद पिवळी असेल तर समजून जा. घोट घोट पाणी प्या, मठ्ठा किंवा पन्हंही चालेल. सकाळी तर्री पोहे आणि मग दुपारी दोनपर्यंत नुसता चहा, असं असेल तर आधी जेवून घ्या.

तरीही दुखतंय? मग मान बघा, खरा चोर इथेच असतो. दोन्ही अंगठे कवटीच्या खाली, मान सुरू होते तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाबा. दाबलं की कळ येत असेल आणि डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटत असेल, तर तासन्‌तास खाली वाकून वाचल्याचा हा परिणाम असू शकतो. तिथेच हळूहळू चोळा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा, असं पाच-सहा वेळा. मग पुस्तकाखाली दोन जाडजूड गाइड ठेवून ते तिरकं उभं करा. अभ्यासिकेतलं टेबल बुटकं असेल तर हे करावंच लागतं. (गाइडचा एवढा तरी उपयोग व्हावा!)

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद किमान २० फुटांवरचं काहीतरी बघा, समोरच्या गच्चीवरची टाकी चालेल. फळा धूसर दिसत असेल तर नंबर तपासून घ्या.

रात्री दोनचा चहा झोप खातो, आणि अपुऱ्या झोपेनेही डोकं दुखतं. रोज चहा पिणाऱ्यांनी मात्र तो एकदम तोडू नये, त्यानेही डोकं धरतं.

एवढं करूनही थांबलं नाही तर पाकिटावरच्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या. १६ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी काही महिने घेतली तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. डोकं एका बाजूने ठणकतं, मळमळतं, उजेड सोसत नाही, असं वारंवार होत असेल तर मायग्रेन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

अचानक कधी नव्हे इतकं तीव्र दुखणं, तापासोबत मान ताठरणं, दोन-दोन दिसणं, हात-पाय लुळे पडणं, किंवा उन्हातून आल्यावर बरळणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन करा, नाहीतर नागपुरातली मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, यातलं जे जवळ असेल तिथे गाडी काढा.